सगळ्यांत खोल जागा

"माष्टर तुळसकर कोन इकरं?"

जयवंत तुळसकर दचकला. दुपारची वेळ होती, परीक्षा आटोपल्या होत्या, आणि कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तो एकटाच काचपट्ट्या पुसत बसला होता. दारात सत्तरी ओलांडलेली एक बाई उभी होती. लाल चौकड्यांचं आखूड लुगडं, गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस, आणि पायांवर घोट्यापर्यंत धूळ. एवढी धूळ म्हणजे बाई फार लांबून चालत आली असणार.

"मीच," तो उठून म्हणाला आणि उगाचच चष्मा सारखा केला.

"तू? तोंडावरून तं गरीब दिसतंस."

"बसा ना, आजी."

"बसाया नाय आले मी. आमच्या तल्याचं पानी प्यालास. रोझारिओच्या घरी बोंबलाचं कालवन खाल्लंस, वर भात मागून घेतलास. आनि मंग कागदावर आमच्या तल्याला खड्डा लिवलंस?"

भात मागून घेतला होता हे खरं होतं. जयवंतचे कान तापले. "खड्डा असं मी लिहिलेलं नाही, आजी."

"मंग कोनी लिवला? माझ्या बापानं?"

तिनं चोळीतून घडी घातलेला कागद काढून टेबलावर आपटला. कचेरीच्या हुकुमाची नक्कल होती. जयवंतनं वाचलं: 'तज्ज्ञांच्या अहवालानुसार तलावातील गाळ गेल्या सुमारे पन्नास वर्षांतील असून त्यात कचरा आढळतो. सबब सदर तलाव नैसर्गिक नसून खोदकामाने झालेला खड्डा आहे.'

त्यानं पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं. त्यानं लिहिलं होतं, 'या एका जागी मिळालेला गाळ'. ते 'या एका जागी' कुठं गेलं?

तळोशी हे गाव अंधेरीच्या पूर्वेला, मरोळच्याही पलीकडे, डोंगराच्या कुशीत होतं. चाळीस-पंचेचाळीस घरं, एक चर्च, खाली भातखाचरं. वस्ती सगळी ख्रिस्ती शेतकऱ्यांची. बोली मराठी, आणि तीही अशी खणखणीत की नव्या माणसाला भांडण चाललंय असं वाटावं. गावाच्या वर, डोंगराच्या दोन सोंडांमधल्या खळग्यात एक तळं होतं. लोक त्याला वरचं तळं म्हणत. उन्हाळ्यात खालच्या विहिरी तळ गाठत तेव्हा बायका हंडे घेऊन वर जात, आणि भाजीचे वाफे जगत ते याच पाण्यावर.

त्या तळ्याच्या जागेवर आता कारखाना यायचा होता. ज्या जमीनमालकाच्या नावावर आजूबाजूचा डोंगर होता त्याचं म्हणणं, हे तळंच नव्हे. पहिल्या लढाईच्या वेळी आपल्या वडिलांनी सडकेच्या भरावासाठी तिथून मुरूम काढला, त्या खड्ड्यात पाणी साचलं. खड्डा असेल तर तो मालकाचा, त्यानं तो बुजवावा नाहीतर विकावा. जुनं तळं असेल तर गावाचं, त्याला कोणी हात लावू शकत नाही. सगळं एवढ्यावर येऊन ठेपलं होतं. गावानं हरकत घेतली तेव्हा कचेरीनं कॉलेजला पत्र पाठवलं: तळ्याचं वय किती, ते तज्ज्ञानं सांगावं.

ते पत्र विभागप्रमुखांच्या टेबलावरून सरकत सरकत जयवंतच्या टेबलावर आलं, कारण चिखलात उतरायची हौस दुसऱ्या कोणालाच नव्हती. जयवंतला होती. चौदा वर्षं तो डेमॉन्स्ट्रेटर होता. वडील वेंगुर्ल्याकडून गिरणीत आलेले, घरात पुस्तक नावाला नव्हतं, आणि याला पुस्तकांवाचून दुसरं काही येत नव्हतं. कॉलेजच्या लायब्ररीत एक जाडजूड परदेशी ग्रंथ होता, बर्फाच्या प्रदेशातल्या डोंगरी तळ्यांच्या गाळावर. दरवर्षी तळ्याच्या तळाशी गाळाचा एक पापुद्रा बसतो, आणि त्यात त्या वर्षीची माती, पानं, राख, झाडांचे परागकण सगळं अडकून राहतं. वरून खाली नळी ठोकायची, गाळाची कांडी वर काढायची, आणि तिच्यात त्या डोंगराची हकीकत वाचायची. जयवंतनं तो ग्रंथ अकरा वेळा वाचला होता. कांडी मात्र एकदाही काढली नव्हती.

जानेवारीत तो तळोशीला गेला. पाण्याची दोन इंची नळी उभी चिरून, दोन्ही फाळके पुन्हा तारेनं घट्ट बांधलेले, म्हणजे वर काढल्यावर तार सोडली की नळी शेंगेसारखी उघडावी. गावचा पाटील रोझारिओ, पन्नाशीचा धिप्पाड माणूस, त्यानं तेलाच्या चार रिकाम्या पिंपांवर फळ्या बांधून तराफा करून दिला. ग्रंथात पहिलाच नियम होता: कांडी तळ्याच्या सगळ्यांत खोल जागेतून घ्यावी, तिथला गाळ कोणी हलवलेला नसतो.

"तळ्यात सगळ्यांत खोल जागा कुठली?" जयवंतनं विचारलं होतं.

"ही काय, मधोमध," रोझारिओ म्हणाला. "बाकीकरं बांबू टेकतो. इकरं बुरतो."

तराफ्यावरच्या दोघातिघांनी एकमेकांकडे पाहिलं. जयवंतनं ते पाहिलं. त्याला वाटलं, आपल्या कोटाला हसताहेत. तळ्यावर कोट घालून येणं चुकलंच, असं मनाशी म्हणून त्यानं मान खाली घातली आणि पुढे काही विचारलं नाही.

नळीत आला तो नुसता काळा चिखल. पापुद्रे नाहीत, थर नाहीत, वरपासून खालपर्यंत एकजीव कालवलेला. आणि त्यात तीन ठिकाणी हिरव्या बाटलीच्या काचा. सगळ्यांत खालची काच आठ फुटांवर.

ती काच बशीत ठेवून तो घरी दोन दिवस बसून होता. त्याची बायको नलिनी म्हणाली, "अहो, मुलांच्या पायात जाईल. काय आहे त्यात एवढं?"

"आठ फूट खाली बाटली सापडली म्हणजे तळं जुनं नाही."

"अगं बाई! मग त्या लोकांचं काय?"

"नळीत जे आलं ते लिहायला हवं. मला वाईट वाटतं म्हणून मी काच लपवू?"

"लपवा कुठं म्हणतेय? त्यांना विचारा तरी, काच आली कुठून."

"तळ्यात बाटली कशी आली हे काय विचारायचं? टाकली कोणीतरी."

आणि त्यानं लिहून टाकलं: या एका जागी मिळालेला गाळ गेल्या सुमारे पन्नास वर्षांतला दिसतो, त्यात बाटल्यांच्या काचा व तत्सम कचरा आहे. सही करताना त्याला थोडा अभिमानही वाटला होता. मनाविरुद्ध असूनही खरं लिहिलं म्हणून.

आता ती म्हातारी समोर उभी होती.

"आजी, त्यांनी माझे शब्द काढून टाकलेत," तो म्हणाला. "पण काच सापडली हे खरं आहे."

"कुटं सापरली?"

"मधोमध. सगळ्यांत खोल जागी."

ॲग्नेस (तिनं नाव सांगितलं ते नंतर) त्याच्याकडे पाहतच राहिली. मग तिनं कपाळावर हात मारला. "अरे देवा! झिऱ्यात नली घातलीस?"

"झिरा?"

"झिरा नाय ठावूक? पानी लागाया खनतात तो!" ती आता खुर्चीवर बसली, न सांगता. "प्लेग येऊन गेला, त्याच्या मागून दोन वर्सं पाऊस जाला नाय. तलं सुकलं. पहिल्यांदाच सुकलं, माझ्या आजीनंबी कदी सुकलेलं बगितलं नव्हतं. आनि माझं लगीन ठरलेलं. लगनाच्या आदल्या दिशी आमच्यात उंबराचं पानी म्हनून तल्याचं पानी आनतात, वाजत-गाजत, त्या पान्यानं नवरीला न्हावू घालतात. पानी नाय तं लगीन नाय. मंग बाप्यांनी तल्याच्या पोटात, मधोमध, झिरा खनला. दोन पुरुस खोल. तवा हंडाभर पानी लागलं. माझी आत्या दारूची बाटली घेऊन गेली, एक घोट झिऱ्यात वतला, तल्याचा मान म्हनून, आनि बाटली तिथंच सोडली. दुसऱ्या वर्सी पाऊस जाला, तलं भरलं, झिरा बुजला. पन पानी तिथलंच आनायचं असा रिवाज परला. तवापासून गावात लगीन असलं की तराप्यावरून बाई मधोमध जाते, घोट वतते, बाटली सोरते."

जयवंत टेबलाची कड धरून उभा होता. "आणि हे मला कोणीच कसं सांगितलं नाही?"

"तू इचारलास? बायकांना इचारलास? खोल कुटं, एवरंच इचारलास. आनि रोझारिओची तं गालन उरालेली. कोट काय, हातात वही काय! त्याला वाटला, हा दारूबंदीचा सायब. तो काय सांगल, सायब, इकरं आमी बाटल्या टाकतो?"

जयवंतला ती तराफ्यावरची नजरानजर आठवली. ती कोटावरूनच झाली होती, पण त्याला वाटलं त्या कारणानं नव्हे.

ॲग्नेस पुढे वाकली. तिचा आवाज आता खाली आला होता, आणि तो मोठ्या आवाजापेक्षा वाईट होता. "पंचावन वर्सांची आमची लगनं तुज्या नलीत आली, माष्टर. माझं हाय, माझ्या पोरीचं हाय. त्याला कचरा लिवलंस तू."

त्या रात्री जेवताना जयवंतनं नलिनीला सगळं सांगितलं. राग कोणावर काढावा तेच त्याला कळत नव्हतं. कचेरीवर काढावा, तर चिखलात पहिली नळी त्यानं स्वतः ठोकली होती. स्वतःवर काढावा, तर त्याचे शब्द खोडणाऱ्यांना तो मोकळं सोडत होता. बर्फाच्या प्रदेशातल्या त्या तळ्यांत कोणी झिरे खणत नसेल. इथं तळ्याची खोल जागा म्हणजेच माणसाचा हात लागलेली जागा, हे कळायला ग्रंथ लागत नव्हता. बाईमाणसाशी बोलायची हिंमत लागत होती.

हुकुमावर हरकत घ्यायला तीस दिवस होते. त्यातले नऊ गेले होते.

रविवारी तो तळोशीला पोचला तेव्हा तळ्याच्या उत्तरेला ट्रक उभे होते. हरकतीची मुदत संपायची वाटही मालकानं पाहिली नव्हती; विटांचे तुकडे, फुटकी कौलं, चुन्याची ढेकळं धाडधाड पाण्यात पडत होती. काठावरच्या करंजांची पानं धुळीनं पांढरी झाली होती. रोझारिओ मुठी आवळून उभा होता.

"तुमचा कागद दाखवतात, माष्टर," तो म्हणाला. शिवी दिली असती तरी एवढं लागलं नसतं.

"माझी चूक आहे," जयवंत म्हणाला. "मला तराफा द्या. आणि ॲग्नेसआजींना बोलवा."

या खेपेला त्यानं कोट घातला नव्हता. ॲग्नेस फळीवर मांडी घालून बसली आणि बोटानं दाखवत गेली: झिरा इथून इथवर, खणलेली माती या अंगाला टाकली होती, त्या अंगाला कोणी कधी गेलं नाही, कड्याखाली साप असतात. जयवंत विचारत होता आणि ती खेकसत होती. "तेच तेच काय इचारतंस? सांगितला ना एकदा!" तो पुन्हा विचारत होता.

त्यानं झिऱ्यापासून सुरुवात केली आणि उत्तरेकडे चार-चार पावलांवर नळी ठोकत गेला. झिऱ्यात कालवलेला काळा चिखल. चार पावलांवर तेच, पण कडेला काहीतरी वेगळं. आठ पावलांवर नळी साडेअकरा फूट आत गेली, मग खडकाला लागून थांबली. रोझारिओ आणि आणखी तिघांनी दोर ओढून ती वर काढली. जयवंतनं तार सोडली, फाळका उचलला, आणि तो फळीवर गुडघे टेकून बसला.

काळी रेघ, पिवळी रेघ, काळी रेघ, पिवळी रेघ. पोथीच्या पानांसारखी.

"काय हाय?" रोझारिओनं विचारलं.

"पावसाळा," जयवंत म्हणाला. "पिवळी रेघ म्हणजे पावसाळ्यात डोंगरावरून वाहून आलेली माती. काळी म्हणजे बाकीच्या आठ महिन्यांतला पालापाचोळा. एक जोडी म्हणजे एक वर्ष."

ॲग्नेसनं वाकून पाहिलं. "मंग मोज ना. तोंड काय बगतंस?"

त्यानं सतरा दिवस मोजलं. सुट्टीत, प्रयोगशाळेत, भिंगाखाली. तीनशे बारापर्यंत रेघा स्वच्छ होत्या. त्याखाली त्या एकमेकींत मिसळत गेल्या, तिथं त्यानं मोजणं थांबवलं आणि 'पुढे मोजता येत नाही' असं लिहिलं. मग आम्लात माती विरघळवून परागकण पाहिले. वरच्या थरांत गवतवर्गाचे कण भरपूर, त्यांतले मोठे बहुधा भाताचे, आणि सगळीकडे बारीक कोळसा. हा राबाचा कोळसा असणार; भाताच्या रोपासाठी शेतकरी दरवर्षी पाला जाळतात तो. खाली जावं तसा कोळसा विरळ होत गेला आणि मोठ्या झाडांचे कण वाढत गेले. तळाच्या दोन फुटांत कोळसा जवळजवळ नव्हताच. तिथं अशी झाडं होती जी आता त्या डोंगरावर औषधालाही नाहीत. काही कण त्याला ओळखता आले नाहीत. तेही त्यानं लिहिलं.

दुसरा अहवाल विभागप्रमुखांनी वाचला आणि चष्मा काढून ठेवला. "तुळसकर, जूनमध्ये लेक्चररची जागा भरायची आहे. तुमचं नाव मी पुढे केलंय. आता तुम्ही लेखी देणार, की तुमचा पहिला अहवाल चुकीचा होता?"

"चुकीच्या जागेचा होता, सर."

"लोक एवढा बारकावा पाहत नाहीत हो. गप्प बसलात तर कोणाचं काय जातं?"

"तळोशीचं तळं जातं, सर."

हे उत्तर आपण दिलं यावर जयवंतचाच विश्वास बसेना.

सुनावणी मेच्या पहिल्या आठवड्यात झाली. कचेरीतला लांबट हॉल, वर संथ फिरणारा पंखा. मधे अधिकारी गुप्तेसाहेब, गोरेपान, नीटनेटके, बोलणं मधासारखं. एका बाजूला जमीनमालकाचे वकील. दुसऱ्या बाजूला रोझारिओ, ॲग्नेस आणि तळोशीची आठ-दहा माणसं. जयवंतनं आठ पावलांवरची कांडी अर्ध्या बांबूच्या पन्हळीत घालून, ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती.

गुप्तेसाहेबांनी दोन्ही अहवाल शेजारी-शेजारी ठेवले. "मिस्टर तुळसकर, फेब्रुवारीत तुम्ही म्हणता पन्नास वर्षं. मेमध्ये म्हणता तीनशेच्या वर. मी कुठल्या तुळसकरांवर विश्वास ठेवायचा?"

"साहेब, फेब्रुवारीत मी 'या एका जागी' असं लिहिलं होतं. तुमच्या हुकुमात ते नाही."

"हुकूम आटोपशीर असावा लागतो. सगळेच शब्द कसे घेणार?" ते हसून म्हणाले.

"आणि ती एक जागा चुकीची होती. मी... मी बुजलेल्या झिऱ्यात नळी ठोकली."

"कशात?" वकिलांनी कानामागे हात नेला.

"झिऱ्यात. तळं सुकलं तेव्हा पाण्यासाठी खणलेल्या..."

"म्हणजे विहिरीत!" वकील उभे राहिले. "साहेब, हे तज्ज्ञ! तळ्याचं वय शोधायला गेले आणि विहिरीत पडले!"

हॉलभर हशा पिकला. शिपाईसुद्धा हसला. गुप्तेसाहेबांनी रुमाल तोंडाला लावला. जयवंतला आयुष्यभर ज्याची भीती वाटत आली होती ते नेमकं हेच होतं: भरल्या खोलीत आपण उभे आणि सगळे हसताहेत. तो खाली बसू लागला. पण खाली बसताना त्याची नजर ॲग्नेसकडे गेली. ती हसत नव्हती. हुकुमाची ती चुरगळलेली नक्कल तिच्या मुठीत होती.

"हसा," जयवंत म्हणाला. कोणाला ऐकू गेलं नाही. "हसा!" तो ओरडला, आणि खोली एकदम गप्प झाली, कारण त्या किरकोळ माणसाच्या अंगात असा आवाज असेल असं कोणालाच वाटलं नव्हतं.

"मी मूर्ख आहे. लिहून घ्या. तुळसकर मूर्ख आहे असं हुकुमात लिहा. पण मग हेही लिहा, की त्या मूर्खाला तिथं विहीर सापडली! पंचावन्न वर्षांपूर्वीची. वकीलसाहेब म्हणतात, हा खड्डा पहिल्या लढाईत खणला. तर मग त्याच्या पंधरा वर्षं आधी गावानं त्याच्या तळात विहीर कशी खणली? जो खड्डा अजून झालाच नव्हता, त्याच्या पोटात? आणि विहीर कशातून खणली ते बघा!" त्यानं ओलं फडकं ओढून काढलं. पन्हळीतली कांडी लांबच लांब उघडी पडली, काळी-पिवळी, काळी-पिवळी. "यातून! विहिरीत गाळ कालवलेला, आणि आठ पावलांवर हा असा. गाळ आधी होता, झिरा मागून आला. मडकं फोडायला आधी मडकं लागतं, साहेब! तुम्ही माझे तीन शब्द खोडलेत. तीन शब्द! त्या तीन शब्दांच्या जागेवरून आज चाळीस ट्रक राडारोडा पाण्यात पडलाय, हरकतीची मुदत संपायच्या आत. त्याचं उत्तर हसणाऱ्यांपैकी कोण देणार?"

तो थांबला तेव्हा त्याला धाप लागली होती. चष्म्यावर वाफ धरली होती.

वकील सावरून म्हणाले, "ती विहीर पंचावन्न वर्षांपूर्वीची याला पुरावा काय? काचेवर तारीख आहे?"

"मी हाय ना!" ॲग्नेस उठली. "माझ्या लगनाला खनली. चर्चच्या वहीत माझं लगीन हाय, फादरनं नक्कल दिलीय, सही-शिक्क्याची."

"वहीत लग्नाची नोंद असेल, बाई. पाण्याची नाही."

"आमच्यात पान्याबिगर लगीन लागत नाय. तुमच्यात लागत असंल तं ठावूक नाय."

आता हशा उलट्या बाजूनं पिकला. गुप्तेसाहेबांनी घसा साफ केला. "आणि या बाटल्या... त्यांत काय असायचं?"

रोझारिओनं डोळे मिटून घेतले. ॲग्नेस क्षणभरही थांबली नाही. "दारू, सायब. बंदी नव्हती तवा."

"आणि बंदीनंतर? लग्नं तर होतच असतील."

"लिंबाचं सरबत," ती म्हणाली, आणि अशा चेहऱ्यानं म्हणाली की पुढचा प्रश्न विचारायची साहेबांची छाती झाली नाही.

निकाल आठवड्याभरानं आला. रोझारिओ तो घेऊन कॉलेजात आला, धावतच, आणि दारातूनच ओरडला, "माष्टर, तलं वाचलं!"

जयवंतनं कागद हातात घेतला. तळं वाचलं होतं हे खरं. चर्चच्या नोंदीवरून आणि वयस्क साक्षीदार बाईच्या जबानीवरून तलाव पूर्वापार गावाचा असल्याचं दिसत होतं. भराव थांबवावा असा आदेश होता. पण मधे एक ओळ होती: 'श्री. तुळसकर यांचे दोन्ही अहवाल परस्परविरोधी असल्याने विचारात घेतलेले नाहीत.' आणि शेवटी: 'आजवर टाकलेल्या भरावाबाबत आदेश देणे या कचेरीच्या अधिकारात नाही.'

"विचारात घेतलेले नाहीत," जयवंत म्हणाला. "पहिला घेतला होता. तळं बुजवायला घेतला होता ना? आता वाचवायची वेळ आली तेव्हा दोन्ही नकोत?"

"जाऊ द्या ना. तलं तं राहिलं."

"आणि चाळीस ट्रक? ते कोणाच्या अधिकारात?"

लेक्चररची जागा दुसऱ्याला मिळाल्याचं जयवंतला त्याच संध्याकाळी कळलं. विभागप्रमुखांनी 'परस्परविरोधी' हा शब्द दोनदा उच्चारला, जणू त्या कागदात तेवढा एकच शब्द होता. घरी येऊन त्यानं कचेरीला पत्र लिहिलं. राडारोडा कोण उचलणार, एवढंच विचारलं. उत्तर आलं नाही. त्यानं दुसरं लिहिलं, जास्त कडक. नलिनीनं ते वाचून पाहिलं आणि म्हणाली, "शेवटचं वाक्य अजून कडक करा." त्यानं केलं. त्याचंही उत्तर आलं नाही.

मग मेच्या शेवटच्या रविवारी तळोशीकरांनी स्वतःच पाट्या आणि फावडी घेतली. कमरेएवढ्या पाण्यात बाप्ये उभे राहून विटा-कौलं उपसत होते, बायका काठावर ओळीनं उभ्या राहून पाट्या हातोहात पलीकडे देत होत्या. जयवंत पँट गुडघ्यावर दुमडून त्या ओळीत उभा राहिला. दोन पाट्यांत त्याचे तळहात सोलवटले. शेजारची बाई म्हणाली, "माष्टर, कागदापेक्षा भारी हाय ना?" ओळभर बायका हसल्या. या वेळी तोही हसला.

दुपारी त्यानं रोझारिओकडून तराफा मागून घेतला. ज्या बाजूला ट्रक रिकामे झाले होते तिथं, राडारोड्याखाली, ते तीनशे बारा पावसाळे शाबूत आहेत की चिरडले गेले, ते त्याला पाहायचं होतं. कचेरीला तिसरं पत्र लिहायचं तर त्यात हे असायला हवं होतं: नेमकं काय नासवलंत, किती फुटांपर्यंत, किती वर्षांचं. विचारात घ्या नाहीतर नका घेऊ.

त्यानं उपसलेल्या जागेवर नळी उभी केली, ठोकायचा लाकडी मोगर उचलला, आणि खाली ठेवला. मग काठाकडे वळून, दोन्ही हात तोंडाशी नेऊन, सगळ्या गावाला ऐकू जाईल असा तो ओरडला, "ॲग्नेसआजी! इथं कोणी काही खणलंय का? काही पुरलंय का? कोणाचं लग्न, कोणाचा नवस?"

काठावर पाट्या थांबल्या. ॲग्नेसनं दुसरीला विचारलं, दुसरीनं तिसरीला. दोघीचौघींचं जमेना, हातवारे झाले, कोणाच्या तरी मेलेल्या सासूचं नाव निघालं, त्यावरून वाद झाला. तराफा हलत होता. ऊन डोक्यावर होतं. जयवंत नळी धरून मुकाट्यानं उभा राहिला.

शेवटी ॲग्नेसनं हात वर केला.

"नाय रं, काय नाय तिकरं! ठोक!"